फोटो एडिटिंग ॲपची भावनिक जाहिरात कशी करायची? कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

राजारामपुरीपासून इचलकरंजीपर्यंत छोटी ॲप बनवणारी बरीच पोरंपोरी आहेत, आता स्वतःचं ॲप काढायचं म्हणणारे स्टुडिओवाले आहेत, मार्केटिंग शिकणारे विद्यार्थी आहेत, आणि सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढलीत. एक प्रश्न नुसतं ॲप वापरणाऱ्यांचा पण आहे, तो १५ नंबरला. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, दुसरीकडं बघायची गरज आहे तिथं नंबर दिलाय.

१. भावनिक जाहिरात म्हणजे नक्की काय? बघणाऱ्याला रडवायचं का?

रडवायलाच पाहिजे असं काही नाही. ॲप काय करतंय हे सांगता येतं, म्हणजे बॅकग्राउंड काढतंय, अंधारातला फोटो उजळतंय वगैरे, आणि ते झाल्यावर त्या माणसाच्या घरात काय होतंय हेही सांगता येतं. दुसरं सांगितलं की ती भावनिक जाहिरात. मोबाइल आल्यावर हे सुरू झालं असंही नाही. कोडॅकनं १८८८ मध्ये 'तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो' अशा अर्थाची ओळ वापरली, त्यात काच, रसायन, प्लेट ह्यातलं काहीच नाही, कॅमेऱ्याला घाबरणाऱ्या साध्या माणसाची धास्ती तेवढी काढून टाकली. आनंद, अभिमान, हुरहुर, निवांतपणा, धीर ह्या सगळ्या भावनाच आहेत, नुसतं डोळ्यात पाणी म्हणजे भावना नव्हे.

२. आमच्या ॲपमध्ये फीचर भरपूर आहेत, तेच दाखवलं तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण फीचरचं नवेपण लवकर संपतं. फोटोतली नको असलेली माणसं पुसून टाकणारं मॅजिक इरेझर २०२१ ला गूगलच्या पिक्सेल ६ फोनबरोबर आलं तेव्हा लोक तोंडात बोट घालायचे, २०२४ ला ते गूगल फोटोजमध्ये सगळ्यांना मिळालं. स्नॅपसीड बनवणारी कंपनी गूगलनं २०१२ ला घेतली आणि एवढं ताकदीचं ॲप फुकट झालं. तुम्ही सहा महिने राबून बनवलेलं फीचर उद्या फोनच्या गॅलरीतच आलेलं असू शकतं. 'हे ॲप माझ्या माणसांच्या फोटोसाठी आहे' ही ओळख मात्र गॅलरीत आयती येत नाही. फीचर दाखवाच, पण कुणासाठी आणि कशासाठी ते त्याच्या आधी दिसलं पाहिजे.

३. कुठली भावना कुठल्या ॲपला चालते? एकच निवडायची का सगळ्या?

एका जाहिरातीत एकच. आणि ती ॲपच्या कामातून निघालेली पाहिजे, वरून चिकटवलेली नको, हे सगळ्यांना सांगून सांगून मी थकत नाही कारण बहुतेक जाहिराती इथंच फसतात.

आठवण ही सगळ्यात मोठी. २०१३ ला गूगलची भारतात एक जाहिरात गाजलेली, फाळणीत ताटातूट झालेले दिल्ली आणि लाहोरचे दोन म्हातारे मित्र, नात आजोबांचा जुना फोटो बघते, किस्से ऐकते आणि सर्च करून दोघांची भेट घालून देते. त्यात सर्चचा डबा दिसतो, पण थोडा वेळ, बाकी सगळी जागा माणसांना दिलीय. जुने फोटो सुधारणाऱ्या, अल्बम बनवणाऱ्या ॲपला ही भावना शोभते.

अभिमान ही आपल्या भागातली खरी दमदार भावना आणि तिच्याकडं मोठ्या कंपन्या बघतही नाहीत. चौकातला फ्लेक्स बघा. पोरगी एमपीएससी पास झाली, पोरानं कुस्ती मारली, मंडळाचा अध्यक्ष बदलला, लगेच रात्रीत बॅनर तयार, आणि तो बऱ्याचदा मोबाइलवरच एडिट केलेला असतो. इथं गिऱ्हाईकाला फिल्टर नको असतो, आपलं माणूस चारचौघात झळकावं एवढंच हवं असतं. बॅनर किंवा स्टेटस बनवणारं ॲप असेल तर जाहिरातीत त्या पोरीचा बाप चौकात उभा राहून वर फ्लेक्सकडं बघतोय एवढा एक शॉट पुरतो.

मजा पण चालते. २०१९ च्या जुलैमध्ये फेसॲपचा म्हातारपणाचा फिल्टर जगभर पसरला तो मजेमुळं, लोकांनीच एकमेकांना दाखवून दाखवून. पण त्याच आठवड्यात 'आमचे चेहरे जातात कुठं' हा प्रश्नही तेवढ्याच जोरात पसरला, तेव्हा मजेच्या मागं प्रायव्हसीचं उत्तर तयार ठेवा.

राहिली लाज आणि भीती. 'तुझा चेहरा बरा नाही' असं सुचवून ॲप विकणं. ते नकोच, सविस्तर ९ मध्ये.

४. दादा बजेट नाही, मी एकटाच डेव्हलपर आहे. सुरुवात कुठून करू?

ऐकण्यातून करा, त्याला पैसे लागत नाहीत. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी इथल्या दोनचार जुन्या फोटो स्टुडिओत जाऊन बसा आणि विचारा की लोक कुठला फोटो घेऊन येतात आणि देताना काय म्हणतात. 'ह्यात फक्त वडिलांना ठेवा', 'हिचे डोळे मिटलेत तेवढं बघा', 'आईचा एवढाच फोटो आहे' अशी वाक्यं मिळतील, आणि ती कुठल्याही जाहिरात एजन्सीनं लिहिलेल्या मजकुरापेक्षा सरस असतात कारण ती गरजेतून आलेली असतात. ती वहीत उतरून घ्या. नाव-गाव नको, वाक्य तेवढं.

मग मेटाची, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीची, ॲड लायब्ररी आणि गूगलचं ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर उघडा, दोन्ही फुकट आहेत, दुसऱ्या ॲपच्या चालू जाहिराती तिथं दिसतात. उचलायला नको, सगळे काय करतायत ते कळायला बघा. दहापैकी नऊ जाहिरातींत तीच गोरी मुलगी आणि तोच चमकणारा कट दिसेल.

शूटिंग घरीच करा. खिडकीजवळचा उजेड, खरा हात, खरा फोन, स्क्रीनगार्डला तडा गेलेला असला तरी राहू दे. त्या वहीतल्या तीन वाक्यांवर तीन छोटे व्हिडिओ बनवा, प्रत्येकाला सारखेच थोडे पैसे लावा, आठवडाभर हात लावू नका. दुसऱ्याच दिवशी घाबरून बंद करायचं, ही सवय मोडा. मोजायचं काय ते १६ मध्ये.

५. पहिल्या तीन सेकंदात काय दाखवायचं? आणि मजकूर किती?

चेहरा, आणि तोही काहीतरी बघत असलेला. लोगो नको. बाबूराव पेंटर आपल्याच गावचे, सिनेमा काढायचे आणि त्याची पोस्टरंही स्वतः रंगवायचे, रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवायचं म्हणजे काय हे ह्या गावाला नव्यानं शिकवायला नको. आणि आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, तेव्हा नुसती चित्रं बघून गोष्ट कळते का ते घरातल्या कुणाला तरी दाखवून बघा. मजकुराचं म्हणाल तर गूगलच्या ॲप कॅम्पेनमध्ये, म्हणजे गूगलवरून ॲपची जाहिरात करायच्या सोयीत, हेडलाइनला ३० अक्षरं आणि वर्णनाला ९० मिळतात, प्ले स्टोअरवरच्या छोट्या वर्णनाला ८०. मराठीत काना-मात्रा-वेलांटी पण त्यात जागा खातात, त्यामुळं वाक्य आधीच आखूड लिहा.

६. जाहिरात कोल्हापुरीत करावी का प्रमाण मराठीत? 'नाद खुळा' टाकलं की चालतंय ना?

नुसतं 'नाद खुळा' आणि 'लई भारी' टाकून चालत नाही, उलट बाहेरच्या कुणीतरी लिहिलंय हे लगेच कळतं. ज्याच्या तोंडी वाक्य आहे त्याची भाषा ठेवा. आजी नातवाला 'काय करालास रं?' म्हणाली तर ती आजी खरी वाटते, आणि तिच्याच तोंडी 'तू काय करत आहेस' घातलं की सगळा व्हिडिओ पडतो. बटणं, किंमत, अटी मात्र साध्या सरळ मराठीत, कारण तिथं कळण्याला महत्त्व आहे. पुणे-नाशिक-नागपूरलाही तीच जाहिरात लावणार असाल तर आवाज बदलून वेगळी करा, एकाच आवाजात सगळा महाराष्ट्र बसत नाही.

७. आमचं ॲप जुने फोटो रिस्टोअर करतं. ह्याची जाहिरात भावनिक तर होणारच, पण काय काळजी घ्यायची?

ओरखडे काढणं, पिवळेपणा घालवणं, कॉन्ट्रास्ट आणणं, ह्यात मूळ फोटोतलंच जे आहे ते वर येतं. पण चेहराच धूसर असेल आणि एआयनं तो स्पष्ट केला तर ते डोळे, ते ओठ एआयनं अंदाजानं भरलेले असतात. त्याला तुमचे आजोबा माहीत नाहीत. फोटो सुंदर येतो आणि आजी म्हणते 'हे कोण?', त्या घरापुरता तुमचा विश्वास तिथंच संपला.

म्हणून जाहिरातीत 'हुबेहूब तसेच' असा दावा करू नका. 'पुसट झालेला फोटो नीट बघता येईल एवढा करू' असं म्हणा, आणि ॲपमध्ये मूळ फोटो कायम राहतो, चेहरा बदलायचा का नाही हे वापरणारा ठरवतो, हे दाखवा. मायहेरिटेज ह्या घराण्याचा इतिहास शोधून देणाऱ्या वेबसाइटनं २०२१ ला जुन्या फोटोतले चेहरे हलवून दाखवायची सोय काढली, लोक अक्षरशः रडले, काहींना भीतीही वाटली, आणि कंपनीनं तेव्हा त्यात बोलणं मुद्दाम ठेवलं नाही, जिवंत माणसांचे खोटे व्हिडिओ बनवून गैरवापर होऊ नये म्हणून. कुठं थांबायचं हे आधी ठरवलेलं होतं, ते मला फार आवडलं.

८. पुरात लोकांचे अल्बम भिजले, त्यावर जाहिरात केली तर लोक चिडतील का?

पुराचं पाणी, होड्या, छपरावर बसलेली माणसं असलं दाखवून ॲप विकायला निघालात तर चिडतील, आणि चिडायलाच पाहिजे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै शिरोळ-करवीरकडच्या लोकांच्या अंगावर अजून आहे, पंचगंगेची पातळी वाढली की झोप लागत नाही अशी घरं आहेत. पावसाळ्यात तर ह्या विषयावर पैसे लावून एकही जाहिरात नको.

पण विषयच वर्ज्य असंही नाही. करायचं असेल तर आधी उपयोगाचं द्या. भिजून चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, मग चित्र वर करून सावलीत वाळवा, उन्हात नको. वाळल्यावर सरळ वरून, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो काढा, आणि एडिटिंग त्याच्यानंतर. एवढं सांगणारा साधा व्हिडिओ काढा, पूरग्रस्त गावांसाठी ते फीचर फुकट ठेवा, मदत म्हणून मोजा आणि डाउनलोडचे आकडे मिरवू नका.

९. ब्युटी फिल्टरच सगळ्यात जास्त चालतो, मग 'गोरी दिसा' म्हणायला काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे, आणि हा मुद्दा माझ्यासाठी ह्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे. रंगावरून माणसाला कमी दाखवणाऱ्या जाहिरातींबद्दल ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं, म्हणजे जाहिरातवाल्यांनीच जाहिरातींवर लक्ष ठेवायला काढलेल्या संस्थेनं, २०१४ लाच मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, सावळी मुलगी उदास, तिला नोकरी नाही, लग्न जमत नाही, आणि उजळली की सगळं जमलं, असलं दाखवू नये हा त्याचा गाभा. फेसॲपच्या २०१७ च्या 'हॉट' फिल्टरनं लोकांची त्वचा उजळ केली, जगभरातून बोलणी बसली, माफी मागावी लागली. आपल्याकडं २०२० ला फेअर अँड लव्हली ह्या नावातला 'फेअर' गेला.

नियम सोडा, बघणारीचा विचार करा. उसाच्या रानात दिवसभर उन्हात राबलेल्या बाईनं हौसेनं फोटो काढला आणि जाहिरात तिला सांगतेय की हा रंग खोडून टाक. ती ॲप घेईलही, पण ते वापरताना रोज तिला आपण कमी आहोत असं वाटत राहणार. अशा भावनेवर उभं केलेलं गिऱ्हाईक मला नको.

दुसरा रस्ता आहे. गूगलनं पिक्सेल ६ बरोबर सावळी-काळी त्वचा जशी आहे तशी टिपण्यावर काम केलं आणि २०२२ च्या सुपर बोलची, म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या सामन्यातली, जाहिरात त्यावरच केली, म्हणजे 'तुझा रंग कॅमेऱ्याला चुकीचा दिसत होता, चूक कॅमेऱ्याची' अशी भूमिका. हे छोट्या ॲपलाही जमतंय. उजेड सुधारा, सावली कमी करा, रंगाला हात लावू नका आणि तेच अभिमानानं सांगा. त्वचा गुळगुळीत करणारा स्मूदनिंगचा स्लायडर ठेवायचाच तर सुरुवातीला शून्यावर ठेवा.

१०. 'आधी-नंतर' दाखवताना 'नंतर'चा फोटो डीएसएलआरवर काढला तर कुणाला कळतंय?

ॲप टाकल्या टाकल्या पहिल्याच फोटोला कळतंय. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, परत केलं तर ५० लाखांपर्यंत. दोन्ही फोटो त्याच फोनचे आणि एडिटिंग त्याच ॲपचं ठेवा, पैसे भरूनच मिळणारं फीचर वापरलं असेल तर तिथंच लिहा.

११. 'ऑफर संपायला ५ मिनिटं' असला टायमर, किंवा 'नको, मला खराब फोटोच आवडतात' असं बटण, हे भावनिक मार्केटिंगच ना?

नाही, ही फसवणूक आहे आणि त्याला आता नियमही आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्न्सवर, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांवर, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई त्यात आहे, आणि नकार देणाऱ्याला लाजवणारं बटणही. सब्स्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं पण त्यातच. फोटोच्या ॲपमध्ये हे जास्त जिव्हारी लागतं कारण समोरच्यानं नुकताच आपल्या बाळाचा नाहीतर आईचा फोटो उघडलेला असतो, अशा वेळी 'नको, आईचा फोटो असाच राहू दे' असं बटण दाखवणं म्हणजे त्या माणसाच्या मायेवर दबाव टाकणं. ऑफर खरंच संपणार असेल तर तारीख लिहा, आणि नकाराच्या बटणावर नुसतं 'नको'.

१२. श्रद्धांजलीचे बॅनर बनवायची सोय आहे. त्याची जाहिरात करावी का?

सोय ठेवा, लोकांना ती लागते, माणूस गेल्यावर तासाभरात फोटो लागतो आणि घरचे शुद्धीवर नसतात. पण पैसे लावून जाहिरात नको. ज्याचं माणूस गेलंय त्याच्या स्क्रीनवर हार घातलेला नमुना झळकणं वाईट. प्ले स्टोअरच्या वर्णनात एक ओळ पुरे, शोधणाऱ्याला ती सापडते. त्या टेंप्लेटवर तुमचा वॉटरमार्क, दुसऱ्यांच्या जाहिराती, 'प्रो घ्या' असलं काहीही येऊ देऊ नका.

१३. अंबाबाई, जोतिबा, शिवाजी महाराज ह्यांचे फोटो जाहिरातीत वापरले तर लोकांच्या मनाला भिडेल ना?

भिडेल, म्हणूनच जपून. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा तो विषय तिथंच संपला. देवाबद्दल माझं मत असं की मूर्तीवर फिल्टर मारून दाखवू नये, माणसं दाखवावीत. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलालानं माखलेले चेहरे, रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला आलेलं कुटुंब. आणि इथं तुमच्या ॲपचा कसही लागतो, कारण ऑटो करेक्शनला गुलालाचा गुलाबी म्हणजे रंगाचा दोष वाटतो आणि ते तो फिका करून टाकतं. तुमच्या ॲपमध्ये गुलाल गुलालासारखाच राहत असेल तर तेवढ्या एका गोष्टीवर अख्खी जाहिरात उभी राहते.

१४. इन्फ्लुएन्सरकडून किंवा युजरचे फोटो घेऊन जाहिरात केली तर काय काय पाळायचं?

इन्फ्लुएन्सरला पैसे दिले किंवा प्रो व्हर्जन फुकट दिलं तरी पोस्टवर 'जाहिरात' असं स्पष्ट दिसलं पाहिजे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे २०२१ चे नियम तसे आहेत. दाव्याचा परिणाम फुगवून दाखवणारा फिल्टरही त्यात चालत नाही, म्हणजे आपल्या ॲपची जाहिरात दुसऱ्या ॲपनं चकचकीत करायची नाही.

युजरचा फोटो असेल तर लेखी परवानगी, आणि फोटोतल्या प्रत्येकाची, नुसती अपलोड करणाऱ्याची नाही. अटींच्या लांबलचक पानात एक ओळ घुसवून ठेवलीय म्हणून कुणाच्या लग्नाचा फोटो उचलू नका. १८ वर्षांखालच्यांसाठी तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती लागते आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. शाळकरी पोरींना उद्देशून ब्युटी फिल्टरची जाहिरात करू का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे, कारण ९ मध्ये लिहिलंय.

१५. मी साधी गृहिणी आहे. जाहिरात बघून आईचा फोटो नीट करायला ॲप घेतलं, फ्री ट्रायल होती, आता दर महिन्याला पैसे जातात. ॲप काढून टाकलं तरी थांबत नाहीत. काय करू?

ताई, ॲप काढून टाकलं तरी सब्स्क्रिप्शन चालूच राहतं, ते वेगळं बंद करावं लागतं. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात तुमच्या फोटोवर दाबा, पेमेंट्स आणि सब्स्क्रिप्शन्समध्ये जा, तिथं ते ॲप दिसेल, कॅन्सल करा. नुकतेच पैसे गेले असतील तर लगेच गूगल प्लेकडं रिफंड मागा, पहिल्या ४८ तासांत मागितलेलं बरं. यूपीआय ऑटोपे असेल तर यूपीआयच्या ॲपमधून मँडेटही, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द करता येतो, आणि पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ते मेसेज वाचत जा. ॲपवाल्यांनी ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. आणि फोटोचं म्हणाल तर कुठल्याही ॲपमध्ये हात घालण्याआधी मूळ फोटोची एक कॉपी वेगळी ठेवा.

१६. भावनिक जाहिरात चालली का नाही हे मोजायचं कसं? लाइक तर भरपूर आलेत.

लाइकवर जाऊ नका, गोष्ट आवडली म्हणून लोक लाइक करतात आणि ॲपचं नावही त्यांच्या लक्षात नसतं. बघायचं हे की इन्स्टॉल केल्यावर किती जणांनी पहिला फोटो सेव्ह केला, आणि जाहिरातीत दाखवलेलं कामच केलं का दुसरंच काही. जाहिरात आजोबांच्या फोटोची, आणि आलेले लोक सेल्फी काढून निघून गेले, तर तुम्ही चुकीच्या माणसांना बोलावलंय. आठवड्यानं किती परत आले ते बघा, आणि त्याच दिवशी अनइन्स्टॉल जास्त होत असतील तर बहुतेक वेळा जाहिरातीतली गोष्ट आणि ॲपची पहिली स्क्रीन ह्यांची गाठच पडत नाही. जाहिरातीत जुना फोटो आणि ॲप उघडल्यावर सेल्फी कॅमेरा, असं आपल्याकडच्या कितीतरी ॲपमध्ये आहे. पहिल्या स्क्रीनवर 'जुना फोटो निवडा' हे बटण आणा, मग परत आठवडाभर मोजा.

रिव्ह्यू वाचताना तारे मोजू नका, नावं शोधा. 'पप्पांचा फोटो', 'आमच्या मंडळाचा बॅनर', 'ताईच्या लग्नातला' असं लोक लिहायला लागले की तुमची जाहिरात बरोबर माणसांपर्यंत गेलीय, आणि पुढच्या जाहिरातीची वाक्यंही तिथंच मिळतात. ती तशीच वापरायची तर परवानगी मात्र १४ प्रमाणे.